ग्रहांची आकाशवाणी

‘आकाशवाणी’ हा शब्द आपल्या भाषेत रेडिओपेक्षा कितीतरी जुना आहे. देवकीच्या वरातीत कंसाने ऐकली ती आकाशवाणी. पुढे देशात नभोवाणी केंद्रे निघाली तेव्हा हाच शब्द त्यांच्या वाट्याला आला आणि तो इतका रुळला की आज ‘आकाशवाणी’ म्हणताच आपल्याला सोलापूर केंद्र आठवते, कंस आठवत नाही. या दोहोंखेरीज एक तिसरी आकाशवाणी आहे. ती कोणा देवाची नाही, कोणा निवेदकाचीही नाही. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून आणि आपली पृथ्वीसुद्धा, असे पाच ग्रह अवकाशात सतत रेडिओ लहरी सोडत असतात. त्यांचे प्रक्षेपण कोणी सुरू केले नाही आणि ते कोणाला उद्देशूनही नाही. या तिसऱ्या आकाशवाणीची ओळख करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे.

कला शाखेच्या अंकात भौतिकशास्त्राचा हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. हा विषय पुण्या-नाशिकाच्या लोकांच्या रोजच्या प्रवासाशी, मुंबईच्या जुन्या ट्रामशी आणि एका खेड्याच्या भवितव्याशी येऊन भिडला आहे. शास्त्राचा प्रश्न जेव्हा असा समाजाच्या अंगणात येतो, तेव्हा तो केवळ शास्त्र शाखेचा राहत नाही.

आकाशाचे छप्पर

प्रथम एक गैरसमज दूर करू. अवकाश निर्वात आहे, तेथे ध्वनी नाही. ग्रह गातात, कुजबुजतात, किंचाळतात असे वर्णन हल्ली सर्रास ऐकू येते, ते शब्दशः खरे नाही. ग्रहांकडून येतात त्या रेडिओ लहरी. प्रकाशाच्याच त्या थोरल्या बहिणी, प्रकाशाच्याच वेगाने धावणाऱ्या, फक्त तरंगलांबीने मोठ्या. आपल्या घरचा रेडिओ अशा लहरींचे ध्वनीत भाषांतर करतो. ग्रहांच्या लहरींचेही तसेच भाषांतर करता येते, इतकेच.

मग हे प्रक्षेपण आपल्याला रोज का ऐकू येत नाही? याचे कारण डोक्यावरचे छप्पर. पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या भागात सूर्यकिरणांमुळे विद्युत्‌भारित झालेल्या कणांचा एक थर आहे. त्याला आयनांबर म्हणतात. रात्री मध्यम लहरींवर दूरदूरची केंद्रे लागतात ती या थराच्या कृपेने, कारण लहरी त्यावर आपटून खाली परततात. परंतु जे छप्पर आतले बाहेर जाऊ देत नाही, ते बाहेरचेही आत येऊ देत नाही. साधारण दहा मेगाहर्ट्‌झच्या खालच्या कंप्रतेच्या लहरी बाहेरून जमिनीपर्यंत सहसा पोचत नाहीत. दिवसा ही मर्यादा वर सरकते, रात्री खाली येते.

शनी, युरेनस, नेपच्यून आणि पृथ्वी यांचे नैसर्गिक प्रक्षेपण या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. म्हणून ते ऐकायला छपराच्या वर, म्हणजे उपग्रहावर किंवा अवकाशयानावर जावे लागते. अपवाद एकट्या गुरूचा. त्याचे प्रक्षेपण जवळजवळ ४० मेगाहर्ट्‌झपर्यंत चढते आणि त्यामुळे जमिनीवर बसलेल्या माणसालाही ते मिळू शकते. आपल्या पूर्वजांनी या ग्रहाला बृहस्पती म्हटले, वाचस्पती म्हटले. वाणीचा स्वामी हे नाव धारण करणारा ग्रहच सर्वांत बोलका निघावा, हा निव्वळ योगायोग आहे. पण योगायोग मोठा सुरेख आहे.

शोध कसा लागला

अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ सेनेका या गावी एका मोकळ्या रानात १९५५ साली बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन हे दोन तरुण शास्त्रज्ञ तारांच्या मोठ्या जाळ्याने २२.२ मेगाहर्ट्‌झवर आकाश न्याहाळत होते. त्यांचे लक्ष होते वृषभ राशीतील खेकडा अभ्रिकेकडे. तिची नोंद कागदावर सरळ उमटत असे, पण अधूनमधून तिच्यानंतर थोड्या वेळाने एक खरखरीत गचका उमटे. प्रथम वाटले, जवळून एखादी मोटार जात असावी आणि तिच्या इंजिनातील ठिणगीचा हा उपद्रव असावा. रेडिओ ऐकणाऱ्या कोणालाही हा अनुभव असतो.

परंतु मोटार घड्याळाप्रमाणे येत नाही आणि आली तरी ती आपल्या घड्याळाप्रमाणे येईल, ताऱ्यांच्या घड्याळाप्रमाणे नव्हे. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात. हा गचकाही रोज चार मिनिटे लवकर येत होता. म्हणजे त्याचा उगम आकाशातच होता. नोंदी जुळवून पाहिल्या तेव्हा दिसले की गचक्याची जागा ताऱ्यांत हळूहळू सरकते आहे. सरकणारा तो तारा नसतो, ग्रह असतो. त्या वेळी आकाशाच्या त्या भागात गुरू होता आणि जागा गुरूशी तंतोतंत जुळली. एप्रिल १९५५ मध्ये हा शोध जाहीर झाला.

याचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. बातमी कळताच ऑस्ट्रेलियात अ‍ॅलेक्स शेन या शास्त्रज्ञाने आपल्या १९५०–५१ सालच्या, १८.३ मेगाहर्ट्‌झवरील जुन्या नोंदी पुन्हा काढल्या. गुरू त्यांत होताच! पाच वर्षे तो कागदावर बसून होता आणि सगळ्यांनी त्याला पृथ्वीवरचा गोंगाट समजून बाजूला ठेवले होते. जुन्या कागदपत्रांतून नवा इतिहास निघतो हे आपल्या इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. खगोलशास्त्रातही तसे घडते.

मागावरचा धोटा

ग्रहाला प्रक्षेपणाची ही विद्या साधते कशी? यासाठी त्याच्याजवळ दोन गोष्टी असाव्या लागतात: एक चुंबकीय क्षेत्र आणि दुसरी त्यात सापडलेले विद्युत्‌भारित कण. ज्या ग्रहाच्या पोटात वीजवाहक द्रव घुसळत असतो त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र पसरते. सूर्याकडून सतत वाहणारा कणांचा प्रवाह, म्हणजे सौरवात, या क्षेत्राला एका बाजूने दाबतो आणि दुसऱ्या बाजूने शेपटीसारखा ओढतो. क्षेत्राच्या अमलाखालचा हा सारा प्रदेश म्हणजे ग्रहाचे चुंबकांबर. गुरूचे चुंबकांबर इतके अवाढव्य आहे की डोळ्यांना दिसले असते तर ते आकाशात पौर्णिमेच्या चंद्राहून मोठे भासले असते.

या चुंबकांबरात इलेक्ट्रॉन कसे वावरतात हे समजायला सोलापूरच्या माणसाला फार दूर जायला नको. हातमागावर धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावतो आणि परततो. तसेच इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषेच्या वाटेने एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे धावतात. फरक असा की ते सरळ न धावता रेषेभोवती गिरक्या घेत धावतात. ध्रुवाजवळ क्षेत्र तीव्र होते, गिरक्या घट्ट होतात आणि बहुतेक इलेक्ट्रॉन तेथून माघारी वळतात. जे फारच सरळ आत घुसतात ते मात्र परतत नाहीत. वातावरणावर आदळून नष्ट होतात. त्यांच्या आदळण्याने जो उजेड पडतो तोच ध्रुवीय प्रकाश.

आता परतणाऱ्या धोट्यांचा हिशोब पाहा. सरळ धावणारे गळाले आणि भरपूर गिरक्या घेणारे उरले. गिरक्यांत साठलेल्या ऊर्जेचा असा तोल बिघडला की निसर्ग तो सावरू पाहतो. इलेक्ट्रॉनच्या गिरकीच्याच तालावर फिरणारी एखादी क्षीण रेडिओ लहर तेथून जात असेल, तर इलेक्ट्रॉन आपली जादा ऊर्जा तिला देऊन टाकतात. झोक्याला अचूक वेळी दिलेल्या धक्क्याप्रमाणे प्रत्येक गिरकीला लहर बळावत जाते. असंख्य इलेक्ट्रॉन एकाच तालात हे करतात म्हणून क्षीण लहरीचे प्रचंड प्रक्षेपण होते. या क्रियेचे आज मान्य असलेले स्पष्टीकरण १९७९ मध्ये सी. एस. वू आणि एल. सी. ली यांनी मांडले. जुलै २०१६ मध्ये गुरूजवळ पोचलेले ‘जूनो’ यान प्रक्षेपणाच्या उगमस्थानातूनच पार झाले आणि तेथील इलेक्ट्रॉनांचा हिशोब या स्पष्टीकरणाशी जुळला.

यातून हाती येणारे सूत्र एका ओळीचे आहे. इलेक्ट्रॉनच्या गिरक्यांची कंप्रता केवळ तेथल्या चुंबकीय तीव्रतेवर अवलंबून असते: दर गाउसला २.८ मेगाहर्ट्‌झ. गुरूचे प्रक्षेपण ३९.५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास एकदम थांबते. ३९.५ ला २.८ ने भागा, सुमारे १४ येतात. म्हणजे गुरूच्या ध्रुवाजवळ चुंबकीय तीव्रता कोठेतरी १४ गाउसपर्यंत असली पाहिजे. आपल्या पृथ्वीवर ती ध्रुवाजवळ ०.६ गाउसच्या घरात आहे. गुरूजवळ एकही यान न पाठवता, केवळ रेडिओची सुई कोठे मुकी होते हे पाहून त्याच्या चुंबकाचे माप घेता येते, हे मला या विषयातले सर्वांत मोठे नवल वाटते.

आयोची करामत

गुरू मात्र सदासर्वदा बोलत नाही. कधी तो तासभर गर्जत राहतो, कधी दिवसचे दिवस गप्प. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ई. के. बिग यांनी या लहरीपणामागचे गुपित उघड केले. गुरूच्या मोठ्या चंद्रांपैकी सर्वांत आतला चंद्र आयो, हा आपल्या कक्षेत ठराविक ठिकाणी आला की प्रक्षेपणाची शक्यता एकदम वाढते. चंद्राने ग्रहाचा रेडिओ चालू-बंद करावा, ही कल्पनाच त्या वेळी विलक्षण वाटली असणार.

कारण पुढे उलगडले. आपला चंद्र पृथ्वीपासून जितका दूर, जवळजवळ तितकाच आयो गुरूपासून दूर आहे: सुमारे ४,२२,००० किलोमीटर. त्याला एका प्रदक्षिणेस साडेबेचाळीस तास लागतात. गुरू मात्र दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो आणि आपले चुंबकीय क्षेत्रही फिरवतो. त्यामुळे हे क्षेत्र सेकंदाला सुमारे ५७ किलोमीटर वेगाने आयोला मागून गाठून पुढे जाते. चुंबकीय क्षेत्र आणि वाहक यांची अशी सापेक्ष गती झाली की वीज निर्माण होते. सायकलच्या डायनामोत तरी दुसरे काय होते? आयो आणि गुरू यांच्या दरम्यान लाखो अँपियरचा प्रवाह वाहतो. त्यातील इलेक्ट्रॉन गुरूच्या ध्रुवप्रदेशात जेथे आदळतात तेथे उजेडाचा एक ठिपका पडतो. हे ‘आयोचे पाऊल’ १९९३ मध्ये प्रत्यक्ष टिपले गेले.

इलेक्ट्रॉनांचा पुरवठाही आयोच करतो. मार्च १९७९ मध्ये ‘व्हॉयेजर १’ यानाच्या छायाचित्रांत आयोवरील जागृत ज्वालामुखी दिसले. त्यांच्या उद्रेकांतून दर सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य अवकाशात निसटते, विद्युत्‌भारित होते आणि गुरूभोवती आयनद्रायूचे एक कडे तयार करते. थोडक्यात, इंधन आयोचे, चुंबक गुरूचा, आणि बोलणे दोघांचे मिळून.

दिवस मोजण्याची युक्ती

या प्रक्षेपणाचा एक उपयोग भूगोलाच्या अभ्यासकाला लगेच पटेल. पृथ्वीचा दिवस मोजणे सोपे, कारण जमिनीवर खूण करता येते. गुरू, शनी यांना जमीनच नाही. वरचे ढग वेगवेगळ्या अक्षांशांवर वेगवेगळ्या गतीने धावतात; मग ग्रहाचा दिवस कोणता म्हणायचा? चुंबकीय क्षेत्र मात्र ग्रहाच्या खोल गाभ्याशी बांधलेले असते. ते फिरते तसे प्रक्षेपणही, दीपस्तंभाच्या झोताप्रमाणे, नियमाने फिरते. गुरूचा दिवस ९ तास ५५ मिनिटे आणि सुमारे ३० सेकंदांचा, हे माप रेडिओनेच दिले. ‘व्हॉयेजर २’ ने जानेवारी १९८६ मध्ये युरेनसचा दिवस सुमारे १७ तास १४ मिनिटांचा आणि ऑगस्ट १९८९ मध्ये नेपच्यूनचा सुमारे १६ तास ६ मिनिटांचा असल्याचे याच रीतीने कळवले.

शनीने मात्र शास्त्रज्ञांची चांगलीच जिरवली. १९८० मध्ये व्हॉयेजरने त्याच्या प्रक्षेपणावरून दिवस ठरवला १० तास ३९ मिनिटे २४ सेकंद. पुस्तकांत तोच छापला गेला. २००४ मध्ये ‘कॅसिनी’ यान तेथे पोचले आणि त्याने तेच माप घेतले तर आकडा सहा मिनिटांनी वाढलेला! एवढा प्रचंड ग्रह पंचवीस वर्षांत सहा मिनिटांनी मंदावणे अशक्य. पुढे दिसले की उत्तर आणि दक्षिण ध्रुवांकडील प्रक्षेपणांचे तालही निराळे आहेत आणि ते बदलत राहतात. म्हणजे शनीचे रेडिओ-घड्याळ गाभ्याशी नव्हे, तर त्याच्या चुंबकांबरातील घडामोडींशी जोडलेले आहे. अखेर त्याच्या कड्यांत उठणाऱ्या तरंगांचा अभ्यास करून २०१९ मध्ये दिवस निश्चित झाला: १० तास ३३ मिनिटे ३८ सेकंद. एका ग्रहाला लागू पडलेली युक्ती दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

आपली पृथ्वी काय बोलते?

१९६० नंतरच्या दशकात उपग्रह छपराच्या वर गेले तेव्हा खुद्द पृथ्वीचे प्रक्षेपण आढळले आणि १९७४ मध्ये अमेरिकेतील डोनाल्ड गर्नेट यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. उत्तर व दक्षिण ध्रुवप्रदेशांच्या वर काही हजार किलोमीटर उंचीवर, जेथे ध्रुवीय प्रकाशाचे इलेक्ट्रॉन खाली धावतात, तेथे हे प्रक्षेपण जन्मते. कंप्रता काही शे किलोहर्ट्‌झ, म्हणजे आपल्या मध्यम लहरींच्या पट्ट्याला खालून लागूनच. त्याची शक्ती जोरात असता १०० कोटी वॅटपर्यंत जाते. नागपूरजवळ राष्ट्रीय प्रसारणासाठी उभारलेले आकाशवाणीचे शक्तिशाली केंद्र १० लाख वॅटचे होते, त्याच्या हजारपट. आयनांबराचे छप्पर नसते तर या गोंगाटात आपल्या रेडिओची काय अवस्था झाली असती याची कल्पना करावी! दूरच्या एखाद्या ग्रहावर कोणी कान लावून बसले असेल, तर त्याला आपल्या भाषणांच्या आणि गाण्यांच्या आधी पृथ्वीचा हा नैसर्गिक आवाजच मिळेल.

कुलाब्याची ट्राम

येथवर सारे पाश्चात्त्य नावांचे झाले. परंतु चुंबकांबराचा अभ्यास महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची निरीक्षणे होत होती. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरील एका स्फोटामुळे पृथ्वीच्या चुंबकांबरात जे महावादळ उठले, त्याची अत्यंत मोलाची नोंद कुलाब्यात झाली: क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे ०.०१६ गाउसने घसरली. आजही सौरवादळांचा विचार करताना जगभरचे शास्त्रज्ञ कुलाब्याच्या त्या नोंदीकडे वळतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम सुरू करण्याचे ठरले. ट्रामच्या तारांतील प्रवाह म्हणजे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र. त्याच्या शेजारी पृथ्वीच्या क्षेत्राचे सूक्ष्म चढउतार टिपणे अशक्य. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे हा पेच होता. ट्राम थांबवावी असे कोणी म्हणणे शक्य नव्हते, कारण शहराला ती हवी होती. मग उपकरणांनीच स्थलांतर केले. १९०४ मध्ये समुद्रापलीकडे अलिबाग येथे लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत नवी वेधशाळा सुरू झाली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे साखळी तुटू नये. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. ती ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. अलिबागच्या नोंदी मात्र पुढे चालू राहिल्या. शहराचेही काम झाले आणि शास्त्राचेही, याचे कारण निर्णय वेळेवर झाला आणि जागा उपलब्ध होती.

खोडदची शांतता

आज तोच पेच जुन्नर तालुक्यात उभा आहे. नारायणगावजवळ खोडद या गावी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिचे शिल्पकार प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०). ऑस्ट्रेलियातून आणलेल्या लहान तबकड्यांची ३२ तबकड्यांची दुर्बीण त्यांनी १९६५ मध्ये कल्याण येथे उभी केली, १९७० मध्ये उटीची दुर्बीण पुरी केली आणि नंतर खोडदचे स्वप्न साकार केले. येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी, उरलेल्या सोळा तीन बाहूंवर, मिळून सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत. ताणलेल्या दोरांवर बारीक तारेची जाळी बसवली आहे. जाळीची छिद्रे लहरींच्या लांबीहून पुष्कळ लहान असल्याने लहरींना ती जाळी भिंतीसारखीच वाटते. वारा मात्र आरपार निघून जातो. मी तेथे गेलो होतो तेव्हा ही वीण पाहून आपल्या विणकरांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

खोडदची दुर्बीण १०० मेगाहर्ट्‌झच्या वरच्या कंप्रतांवर काम करते, म्हणून गुरूची वर सांगितलेली गर्जना तिच्या टप्प्यात येत नाही. परंतु गुरूभोवतीच्या पट्ट्यांत अडकलेले अतिवेगवान इलेक्ट्रॉन दुसऱ्या एका प्रकारचे, अखंड आणि मंद असे प्रक्षेपण करतात. ते तिला मिळते. नोव्हेंबर २०११ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी या दुर्बिणीतून गुरूच्या त्या पट्ट्यांतील फेरफार तपासले.

त्याहून साहसाचा प्रयत्न म्हणजे इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची आकाशवाणी ऐकण्याचा. हंस तारकासमूहात सुमारे १२० प्रकाशवर्षे दूर ‘एच. ए. टी.–पी–११’ नावाचा तारा आहे. त्याला नेपच्यूनएवढा ग्रह आहे. २००९ मध्ये खोडदच्या दुर्बिणीतून १५० मेगाहर्ट्‌झवर त्या दिशेने क्षीण संकेत मिळाला, आणि ग्रह ताऱ्याआड गेला तेव्हा तो संकेतही नाहीसा झाला! २०१० मध्ये पुन्हा पाहिले तेव्हा मात्र काही मिळाले नाही. फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला तो ‘चाहूल’ म्हणूनच, शोध म्हणून नव्हे. आपले सूत्र येथे लावून पाहा. १५० भागिले २.८, म्हणजे सुमारे ५० गाउस. ती चाहूल खरी असेल तर त्या ग्रहाचे चुंबकत्व गुरूच्या कितीतरी पट ठरेल. नेदरलँड्‌समधील दुर्बिणीला भूतप समूहातील एका ताऱ्याच्या दिशेने अशीच चाहूल लागल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले; तीही पक्की ठरलेली नाही. एखाद्या ग्रहाला चुंबकीय कवच आहे की नाही, त्याच्या पोटात काही घुसळते आहे की तो थंड पडला आहे, हे सांगणारे याहून थेट साधन नाही. म्हणून हा खटाटोप.

पण अशी चाहूल ऐकण्यासाठी भोवताली शांतता हवी. खोडदची जागा निवडली गेली ती तेथे शहरी गोंगाट कमी म्हणून. प्रेक्षकाला तेथे मोबाइल बंद ठेवावा लागतो तो शिष्टाचार म्हणून नव्हे. खिशातला मोबाइल त्या दुर्बिणीला कोट्यवधी तारकांपेक्षा प्रखर वाटतो. आणि पुणे–नाशिक या वेगवान रेल्वेमार्गाची मूळ आखणी याच नारायणगाव परिसरातून होती. विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या ठिणग्या आणि संदेशयंत्रणा दुर्बिणीला बाधक ठरतील असा आक्षेप संशोधन केंद्राने घेतला, आणि २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने ती आखणी सोडून दुसऱ्या वाटेने मार्ग नेण्याची भूमिका घेतली. जुन्नर, आंबेगाव भागातील लोकांना हे रुचले नाही, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. आपला शेतमाल, आपली शिकणारी मुले, आपला दवाखाना यांसाठी त्यांनी वर्षानुवर्षे रेल्वेची वाट पाहिली आहे. दुर्बीण आपल्या गावात आली याचा अभिमान त्यांनाच आहे, आणि तिची किंमतही त्यांनीच मोजायची?

मला वाटते, कुलाब्याचा धडा येथे अर्धाच लागू पडतो. तेव्हा उपकरणे एका खोलीत मावत होती, ती समुद्रापलीकडे नेता आली. पंचवीस किलोमीटरवर पसरलेल्या तीस तबकड्या उचलून कोठे नेणार? आणि नेल्या तरी तेथे शांतता किती वर्षे टिकेल? एकदा घालवलेली शांतता पैशाने परत घेता येत नाही. म्हणून दुर्बीण राखलीच पाहिजे. परंतु राष्ट्राच्या, किंबहुना जगाच्या ज्ञानासाठी एका तालुक्याने आपली गाडी सोडावी असे म्हणायचे असेल, तर त्या तालुक्याला चांगला रस्ता, चांगली शिक्षणसंस्था, चांगले रुग्णालय देणे हे त्या ज्ञानाच्या खर्चातच धरले पाहिजे. शांततेचे मोल आपण सर्वांनी वाटून घ्यावे, ते एकट्या जुन्नरकरांच्या अंगावर टाकू नये.

सोलापुरातून ऐकायचे असेल तर

शेवटी थोडे व्यवहाराचे. गुरूची आकाशवाणी सोलापुरातून ऐकता येईल का? येईल. यासाठी मोठी दुर्बीण लागत नाही. २० मेगाहर्ट्‌झच्या आसपास लागणारा, बाहेरची एरियल जोडता येणारा बऱ्यापैकी लघुलहरी रेडिओ आणि सात मीटर तांब्याची तार एवढे पुरते. तार मधोमध तोडून दोन समान भाग करावेत, ते मोकळ्या जागी तीन-चार मीटर उंचीवर आडवे ताणावेत आणि मधल्या तुटीपासून केबल रेडिओकडे न्यावी. स्थानिक केंद्र लागणार नाही अशी रिकामी जागा निवडावी. वेळ मध्यरात्रीनंतरची, पहाटेपूर्वीची, कारण तेव्हा आयनांबर विरळ असते. आणि गुरू आकाशात चांगला वर आलेला हवा. ऋतू हिवाळ्याचा बरा. वळवाच्या दिवसांत विजांचा कडकडाट दुसरे काही ऐकू देत नाही. आयो कोणत्या रात्री अनुकूल ठिकाणी आहे याची गणिते आता सहज मिळतात. ती न पाहता बसलो तर अनेक रात्री फुकट जातील.

आवाज दोन तऱ्हेचे असतात. एक, समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर यावात तसा सावकाश चढणारा आणि ओसरणारा. दुसरा, तापल्या कढईत ज्वारीच्या लाह्या भराभर फुटाव्यात तसा. पहिल्याचा चढउतार सूर्यापासून वाहणाऱ्या वायूने वाटेत घडवलेला असतो. दुसरा थेट आयोच्या इलेक्ट्रॉनांचा.

अडचण एकच आहे. शहरात यंत्रमागांच्या मोटारी, विजेच्या तारा, नव्या तऱ्हेचे दिवे आणि चार्जर यांची खरखर इतकी असते की बृहस्पतीलाही तीतून वाट काढता येत नाही. त्यामुळे साहित्य घेऊन गावाबाहेर, तारांपासून लांब, एखाद्या माळावर जावे लागेल. आपल्या जिल्ह्यात असे माळ अजून पुष्कळ आहेत. येत्या हिवाळ्यात आपल्या निसर्गमंडळाने एखादी रात्र यासाठी राखून ठेवावी, अशी माझी प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मित्रांना विनंती आहे. तार आणि रेडिओ यांची जुळवाजुळव मी करीन.